भिंतीपलीकडचा कीबोर्ड

कुंदाच्या ऑफिसातून फोन आला तेव्हा मी यांच्या डाव्या हाताला तेल लावत होते. सकाळचे अकरा वाजले असतील. पलीकडे तिच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या साहू मॅडम होत्या. "भाभीजी, कुंदा मैडम को चक्कर आ गया है, आप आ जाइए." चक्कर म्हटल्यावर माणूस काय समजतो? उपास असेल, ऊन लागलं असेल. मी उलट चिडूनच बोलले, "सुबह पोहे वैसेच छोड़ के गई, चक्कर नहीं आएगा तो क्या होगा." साहू मॅडम गप्प राहिल्या. एरवी एवढी बोलणारी बाई गप्प का झाली, ते मला दवाखान्यात पोचल्यावर कळलं. माझी नणंद, यांची एकुलती एक धाकटी बहीण, एकोणसाठ वर्षांची कुंदा, खुर्चीत बसल्याबसल्याच गेली होती. आणि तिच्याबद्दल माझ्या तोंडून निघालेलं शेवटचं वाक्य पोह्यांच्या कुरकुरीचं होतं...

आता दोन महिने होत आले. खरं तर पेपरच्या पुरवणीत लिहिणं हा माझा प्रांत नव्हे. मी आयुष्यभर किराण्याच्या यादीपलीकडे फारसं काही लिहिलं नाही. पण तेरवीला जमलेली माणसं जे बोलली ते ऐकून माझं डोकं फिरलं. जो तो एकच शब्द म्हणत होता, बिचारी. बिचारीचं लग्न झालं नाही, बिचारीनं भावाच्या घरी जन्म काढला, बिचारी भारी सोशिक. मी चहाचे कप उचलता उचलता ऐकत होते. अहो, कसली बिचारी? तिला नाद होता, आणि ज्याला असा नाद असतो त्याला बिचारा म्हणू नये. कुंदाला कीबोर्डचा नाद होता. हो, कॉम्प्युटरच्या कीबोर्डचा. हसू येतं ना? मलाही यायचं.

आमचं घर इकडे हिंदी मुलखात, गुढियारीत. माझे सासरे रेल्वेत होते, वर्ध्याहून बदलून आले आणि इथेच दोन खोल्या बांधून राहिले, त्याच्या पुढे चार झाल्या. हे उरल्याच्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये नोकरीला होते, आणि कुंदा सरकारी कचेरीत टायपिस्ट. एकवीस वर्षांची असताना लागली. दिवसभर हिंदीत टाइप करायची आणि घरी आली की बोटं मोडत बसायची, बस, एवढंच मला तिच्या कामाबद्दल माहीत होतं. सातेक वर्षांपूर्वी त्यांच्या ऑफिसात एक नवी मुलगी आली, ती स्वतःचा कीबोर्ड घरून घेऊन यायची. कुंदानं एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यावर चार अक्षरं मारून पाहिली आणि संध्याकाळी घरी येऊन मला म्हणाली, "वहिनी, तीस वर्सं झाले, मी चिखलात बोटं घालून राहिली होती. आज समजलं."

मला काही समजलं नाही. मग तिनं समजावून सांगितलं, तसं तुम्हालाही सांगते. साध्या कीबोर्डात सगळ्या बटणांखाली एक रबराची चादर असते. तिला हव्या त्या कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र डबी असते, तिला स्विच म्हणतात, आणि त्या डबीत आपली स्वतःची स्प्रिंग. कोणाची स्प्रिंग कडक, कोणाची नरम. कोणी दाबल्यावर टक् म्हणतं, कोणी मध्येच किंचित अडून पुढे जातं, कोणी सरळ खाली. ते आपण निवडायचं, चिमट्यानं उपटायचं, दुसरं बसवायचं. वरची टोपी निवडायची, तिचा रंग निवडायचा, खालची पत्र्याची पाटी निवडायची. मी म्हटलं, "एवढं तं आमी पोरगा पाहताना नाही पाहिलं." कुंदा हसली नाही. म्हणाली, "मले नऊ ठिकानचे लोक पाहून गेले, वहिनी. मी कोनालेच पाहाले गेली नाही. खुर्ची ऑफिसनं देली, टेबल ऑफिसनं देला, ही खोली दादानं देली. हे पयलं आहे जे मी एकेक तुकडा पाहून घेऊन राहिली." मी आत जाऊन कणीक मळली.

मग सुरू झाला तिचा संसार. आमच्या मागे भंगारवाल्यांची ओळ आहे. बंद पडलेल्या ऑफिसांचं सामान तिथे येतं. कुंदा ऑफिसातून सुटली की तिकडे उभी. पिवळे पडलेले जुने कीबोर्ड उचलून कानाशी न्यायची, एक बटण दाबायची, मान हलवायची, ठेवून द्यायची. भंगारवाला तिला 'कान वाली दीदी' म्हणायचा. जो पसंत पडेल तो घरी यायचा आणि त्याच्या टोप्या सुटून माझ्या परातीत पडायच्या. माझी कणकेची परात! कोमट पाणी, चमचाभर साबणाची पूड, आणि त्यात शंभरभर टोप्या तरंगताहेत. मी एक दिवस अशी काही भडकले की परात उचलून गच्चीवर ठेवून आले. दुसऱ्या दिवशी तिनं मला नवी परात आणली. जुनी तिची झाली, त्यावर तिनं नेलपॉलिशनं 'कुंदा' असं नाव घातलं, पुन्हा भांडण नको म्हणून.

एकदा मला म्हणाली, वहिनी, बँडएड आहे का. मी धावत डबा घेऊन गेले, म्हटलं कुठे कापलं. तर ही कात्रीनं बँडएडचे बारीक तुकडे करून स्पेसबारच्या खाली चिकटवते आहे. ते लांब बटण दोन्ही टोकांना खडखडतं म्हणे, त्याला गादी पाहिजे. रांगोळीत रेघ ओढायचा माझा सगळ्यात बारीक ब्रश तिनं पळवला आणि त्यानं स्विचच्या पोटात ग्रीस लावायची. डोळ्यांवर दोन चष्मे, एकावर एक. हे म्हणायचे, "कुंदे, आमच्या मिलमधे तुले ऑइलमन म्हनून लावून देऊ काय?" ती म्हणायची, "तुमच्या मिलमधे लय हलगर्जी आहे, दादा. मी नाही येत."

हळूहळू लोकं यायला लागली. साहू मॅडमचा अंगठा दुखायचा, त्यांना तिनं पहिला कीबोर्ड करून दिला. मग त्यांच्या भाचीला, मग कोणाकोणाला. तिची एक पद्धत होती. आलेल्या माणसाला काय पाहिजे ते ती विचारायचीच नाही. टेबलाशी बसवायची, समोर पेपर ठेवायची, म्हणायची यातलं काहीही टाइप करा. आणि स्वतः त्याच्याकडे पाठ करून खिडकीकडे तोंड करून बसायची. दहा मिनिटं नुसती ऐकायची. मग वळून सांगायची, "आपकी छोटी उंगली डरती है," किंवा "आप गुस्से में मारते हैं, आपको कड़क स्प्रिंग लगेगी." एक भला माणूस लाजला बिचारा, त्याची बायको सोबत होती आणि ती जोरजोरात मान हलवायला लागली.

तिचा स्वतःचा कीबोर्ड मात्र एकच होता आणि तो होता निळ्या स्विचचा. निळे म्हणजे सगळ्यात आवाज करणारे. आत एक बारीक पट्टी असते, प्रत्येक वेळी टक् वाजते, दाबताना आणि सुटताना. संध्याकाळी सहाला ऑफिसातून आली, हातपाय धुतले, चहा घेतला, की ती बसायची. काय टाइप करायची म्हणाल, तर काहीही. पेपरातला अग्रलेख, विम्याची नोटीस, उदबत्तीच्या पुड्याच्या मागचा मजकूर. लिहून झालं की पुसून टाकायची. मजकुराशी तिला काही देणंघेणंच नव्हतं. आणि तिच्या खोलीची आणि आमच्या खोलीची भिंत एक. आता गंमत बघा, आमच्या घरामागून मालगाड्या जातात, दिवसरात्र शंटिंग चालतं, गुढियारीचे ट्रक दारात हॉर्न वाजवतात, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण ती टकटक माझ्या कपाळात जाऊन बसायची.

चार वर्षांपूर्वी यांना लकवा मारला. डावी बाजू गेली आणि वाचाही गेली. मिल सुटलीच, माणूस खाटेवर आला. उठवणं, बसवणं, कूस बदलणं, भरवणं, सगळं माझ्याकडे. कुंदाही करायची, पण दिवसभर तिचं ऑफिस. डॉक्टर म्हणाले होते, आराम पाहिजे. आराम म्हणजे शांतता, हे मी माझ्या मनानं जोडलं. एका संध्याकाळी पलीकडे टकटक सुरू झाली आणि मी हातातला वाडगा ठेवून तिच्या खोलीत गेले. म्हटलं, "कुंदा, दादाले त्रास होते याचा."

तिची बोटं थांबली. "दादा म्हनला?"

"ते काय म्हननार आता? चेहऱ्यावरून समजते मले."

"हव," ती म्हणाली. एवढंच. आमच्याकडे होकाराला हव म्हणतात, आणि कुंदाचं हव म्हणजे विषय संपला.

पुढच्या रविवारी ती सकाळपासून खोलीत बसून होती. एकेक निळा स्विच चिमट्यानं उपटला आणि त्याच्या जागी मुके बसवले, त्यांच्या आत रबराचे बारीक तुकडे असतात म्हणे. गादीवाल्याकडून पातळ फोम आणून तो कीबोर्डच्या पोटात घातला. खाली सतरंजीची घडी. मग मला आमच्या खोलीत उभं करून पलीकडून विचारलं, "वहिनी, येते का आता आवाज?" मी म्हटलं, नाही. "अन् आता? जोरात मारून राहिली मी." नाही येत. "दादाचा चेहरा पाहा नं... बरा दिसते का?" मी यांच्याकडे पाहिलंही नाही. म्हटलं, हो, बरा दिसतो. त्यानंतर चार वर्षं आमच्या भिंतीतून काही ऐकू आलं नाही. लोकांचे कीबोर्ड ती गच्चीवर नेऊन तपासायला लागली. एकदाही तिनं तोंड वाकडं केलं नाही, उलट अधूनमधून विचारायची, दादाला आता काही त्रास नाही ना म्हणून.

यांची वाचा सावकाश परत आली. वर्षभरानं एकेक शब्द, मग तोडकी वाक्यं. कुंदा रोज रात्री जेवणं झाली की येऊन त्यांच्या पायाशी बसायची, ऑफिसच्या गोष्टी सांगायची. मग तिच्या खोलीत जायची आणि दार लोटून घ्यायची. मला वाटायचं, सगळं कसं छान बसलंय.

ती गेल्याचं मी यांना कसं सांगितलं, ते लिहीत नाही. तेरवी झाली, पाहुणे गेले, आमची पोरगी बिलासपूरला आपल्या घरी परत गेली. एका दुपारी मी यांना खिचडी भरवत होते. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, किती शांत झालं ना घर. यांनी घास गिळला आणि म्हणाले, "चार वर्सं झाले... शांत होऊन."

मी चमचा खाली ठेवला. हे थांबत थांबत बोलत होते. "पयले सा वाजता टकटक चालू होये. समजे, आली कुंदा. मंग बंद झालं. आली का नाही आली... काही समजे नाही. पडल्यापडल्या घाबरल्यासारखं होये."

"आवाज नाही म्हनून घाबरले? काहून?"

"मिलमधे... आवाज चालू असला तं कोनी पाहत नाही. आवाज बंद झाला... की सारे धावत जाते. कोनाले तरी काही झालं असंन."

तीस वर्षं मी मिलमधल्या माणसाच्या घरात काढली. रात्रपाळीचे डबे दिले, भाजलेल्या हातांना मलम लावलं. शांततेला हा माणूस भितो, हे मला माहीत नव्हतं. मला आधी त्यांचाच राग आला. बोलता यायला लागून तीन वर्षं झाली होती की. मी म्हटलं, "मंग तोंड शिवलं होतं काय तुमचं? सांगाचं नाही?"

यांचा उजवा हात चांगला आहे, त्यानं त्यांनी माझं मनगट धरलं. "तुलेच पायजे होतं ना शांत. मले माहीत होतं. दिवसभर माह्यं करे तू... म्हनलं, भेटू दे तुले थोडं."

घ्या. मी पेपरात लिहिते आहे, तर खरंच लिहिते. यांना त्रास होतो हे मी खोटं बोलले होते. यांच्या चेहऱ्यावर मला काही दिसलं नव्हतं, मी पाहिलंच नव्हतं. टकटक मला नको होती, माझं कपाळ दुखत होतं, मी थकले होते, आणि आजारी माणसाचं नाव पुढे केलं की कोणी नाही म्हणत नाही. मी नणंदेला सरळ सांगू शकले असते की बाई, मला सोसवत नाही. भांडलो असतो, परातीवरून भांडलो तसं, आणि काहीतरी तोड निघाली असती, खाट दुसऱ्या खोलीत गेली असती. पण मी तिच्या भावाचं नाव घेतलं. भावाला सुख म्हणून बहीण मुकी झाली, बायकोला सुख म्हणून भाऊ गप्प राहिला, आणि दोघांच्या मध्ये एक भिंत होती तिच्यावर मी बसले होते. यांना तर मी त्या दुपारी सगळं कबूल केलं. त्यांनी नुसतं हूं केलं. कुंदाला कुठे जाऊन सांगू?

तिच्या खोलीत मी तोवर गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी गेले. कपाटात खालच्या खणात माझा करंज्यांचा स्टीलचा डबा सापडला, तो मी दोन दिवाळ्या शोधत होते. उघडला तर आत ते निळे स्विच, मऊ फडक्याच्या घड्यांमध्ये ओळीनं निजवलेले. एकावरही धूळ नाही. ग्रीसची नवी, न उघडलेली ट्यूब बाजूला. मुके स्विच घालून चार वर्षं झाली होती आणि ही बाई काढलेले अजून पुसत होती. दादा बरा झाला की परत लावू, असंच तिच्या मनात असणार, मी तिला ओळखते. मी तिथेच जमिनीवर बसले आणि पहिल्यांदा मोकळेपणानं रडले.

मग ठरवलं. कुंदाला काही परत देता येत नाही, पण यांना येतं. पोरीला व्हिडिओ कॉल लावला. तिला मराठी सगळं समजतं, बोलायचं झालं की हिंदी. "मम्मी, सीधा पकड़ो, टेढ़ा मत डालो, नीचे की पिन मुड़ जाएगी." पिना वाकल्याच. त्या स्विचच्या खाली केसासारख्या दोन तारा असतात, जरा घाई केली की दुमडतात. पहिल्या दुपारी मी सात वाकवल्या. कुंदानं पाहिलं असतं तर दोन चष्म्यांवरून माझ्याकडे जे पाहिलं असतं ना... भुवयांच्या चिमट्यानं एकेक सरळ करत गेले. तीन दुपारी गेल्या. बोटांची सालं निघाली. फोम काढला, सतरंजी उचलली. एक स्विच काही केल्या बोलेना, तो तसाच मुका राहिला, कोपऱ्यातलं बटण आहे, कोणी दाबत नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी सहाला मी बसले. टोप्यांवर इंग्रजी आणि देवनागरी दोन्ही अक्षरं आहेत, पण मला ती एका बोटानं शोधावी लागतात. दारं दोन्ही उघडी ठेवली होती. काय लिहावं कळेना. मग लिहायला घेतलं, कुंदाच्या ऑफिसातून फोन आला तेव्हा... एका शब्दाला एक मिनिट. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्. दीड ओळ झाली आणि मी हात आवरला. भिंतीपलीकडून काहीच हालचाल नव्हती, म्हटलं झोपले असतील, उगाच त्रास कशाला.

"काहून थांबली?" आतून आवाज आला.

"मले वाटलं झोपले तुमी."

"नाही." मग थोड्या वेळानं, "लय येळ लागते तुह्या हाताले."

"मंग? मी काय कुंदा आहे?"

"नाही," हे म्हणाले. मला वाटलं, चुकलंच आपलं, उठावं. तेवढ्यात म्हणाले, "पन कोनी आहे पलीकडे... हे समजते. चालू राहू दे."

त्या दिवसापासून रोज सहाला बसते आहे. खरं तर हा लेख एका पानाचाच व्हायचा होता, सांगण्यासारखं जे होतं ते केव्हाच सांगून झालं. पण मी थांबले की हे आतून विचारतात, संपलं काय? मी म्हणते, नाही, अजून आहे. पुरवणीवाल्यांनी त्यांना हवा तिथे कापावा.